वाळवंटातलं वाळवण आणि श्रावण

आर्द्रा | १२ जुलै, सकाळी ११.१०

आठ दिवस झाले, सहकारनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घातलेले कपडे वाळायचं नाव घेत नाहीयेत. टॉवेलला कुबट वास, डब्यातले पापड मऊ, मिठाला पाणी सुटलेलं. आणि मी खूश आहे! बारा वर्षांनी पुण्याचा आषाढ बघतेय. एरवी आमची फेरी हिवाळ्यात, लग्नसराईत.

काल शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "तुमचं बाई बरंय. वाळवंटात राहता, ना ऋतू ना सणवार. कटकटच नाही." मी हसून घेतलं, पण ते रात्रभर डोक्यात राहिलं. म्हणून हा धागा.

आम्ही दोघं निवृत्त. मी ६९, हे ७२. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला टूसॉन म्हणून गाव आहे, तिथे आमचं घर. गाव सोनोरन वाळवंटात. समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही थोडं उंच. पाऊस वर्षाचा मिळून पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. वाळवंट म्हटलं की लोकांना उंट आणि वाळूच्या टेकड्या दिसतात. आमच्याकडे दगड, मुरूम, काटे आणि दोन-तीन पुरुष उंचीचे सग्वारो निवडुंग, हात वर करून उभे. त्यांना पहिला हात फुटायलाच पन्नास-पंच्याहत्तर वर्षं लागतात. आमच्या अंगणातल्याला अजून एकही नाही, म्हणजे तो आमच्याच वयाचा असावा. हे त्याला "अहो" म्हणतात.

आता मुद्दा. मुलगा सिअ‍ॅटलला असतो, सगळीकडे हिरवंगार. पण त्याच्या श्रावणात पाऊस नाही! तिकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. त्यामुळे तो नागपंचमी करतो ती कॅलेंडर बघून. माझ्या वाळवंटात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये ढग येतात, गडगडतात, धो धो कोसळतात आणि तासाभरात लख्ख ऊन. उन्हात पाऊस, पावसात ऊन, अगदी शाळेत पाठ केलेला श्रावण. तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, तीन राज्यं पाहिली, पण पंचांग आणि आभाळ यांचं जमतं ते फक्त या रखरखाटात. काकूंना हे कसं सांगू?

तुमच्यापैकी कुणी वाळवंटात सणवार केलेत का? कसे?

---

पेठी_खवचट | १२ जुलै, दुपारी १२.०२

सहकारनगर पुण्यात येतं का यावर आधी वेगळा धागा काढावा, मग वाळवंटाचं बघू.

बाकी निवडुंगाला "अहो" आणि नवऱ्याला काय?

---

आर्द्रा | १२ जुलै, दुपारी १२.१५

नवऱ्यालाही "अहो"च. दोघंही ऐकत नाहीत.

---

चिंचवडचे_काका | १२ जुलै, दुपारी १२.४०

ताई, छान लिहिलंत. एक शंका. तिथी कुठली धरता? आमचे नातेवाईक अमेरिकेत इथलं पंचांग बघून चतुर्थी करतात, ते मला पटत नाही.

---

आर्द्रा | १२ जुलै, दुपारी १.३०

काका, बरोबर बोललात. तिथी सुरू होते ती सगळ्या जगाला एकाच क्षणी, कारण ती चंद्र-सूर्याच्या अंतरावर. पण ती कुठल्या दिवसाची म्हणायची ते आपापल्या गावच्या सूर्योदयावर ठरतं. म्हणून कधी कधी आमचा गणपती पुण्याच्या एक दिवस आधी बसतो. माझी बहीण दरवर्षी म्हणते, "तुला काय घाई झालीय?" संकष्टीलाही चंद्रोदय टूसॉनचाच बघते, नाहीतर उपाशी राहायची.

एक सुख आहे. अ‍ॅरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. त्यामुळे पुणं बारा महिने साडेबारा तास पुढे. आमचे सकाळचे साडेसात म्हणजे इथले रात्रीचे आठ. आई होती तोवर तिच्या सांजवातीनंतर माझा पहिला चहा, असा आमचा फोन ठरलेला.

---

शेंगदाण्याचं_कूट | १२ जुलै, दुपारी २.०५

शीर्षकात वाळवण आहे आणि लेखात नाही. निषेध! मी त्यासाठीच धागा उघडला.

---

आर्द्रा | १२ जुलै, दुपारी ३.२०

कूटताई, चूक कबूल. भरपाई करते.

मे महिना आणि जूनचे पहिले तीन आठवडे तिथे तापमान चढत चढत ४० च्या पुढे जातं आणि हवा अशी कोरडी की ओठ तडकतात. मला वाटलं, वाळवणासाठी याहून बरं काय? पहिल्या वर्षी सगळ्या उत्साहात उडदाचे पापड लाटले आणि टेबलावर जुनी चादर घालून उन्हात टाकले. आत येऊन हात धुतले, चहा टाकला, तो होईपर्यंत पापडांच्या वाट्या झाल्या होत्या. अक्षरशः वाट्या! वरची बाजू ताडकन वाळली, खालची ओली, म्हणून कडा वर वळल्या. उरलेल्यांना मधूनच चिरा. कुरडयांचं तर विचारूच नका. पुण्यात गव्हाच्या चिकाची कुरडई दोन-तीन दिवस कुरकुर करत वाळते. तिथे दुपारपर्यंत इतकी ठिसूळ की डब्यात भरताना तारा सुटून भुगा. तो भुगा आम्ही महिनाभर कांद्यावर परतून खाल्ला.

नंतर शिकले. पहाटे साडेचारला उठायचं, सूर्य यायच्या आत घालायचं, आणि तेही पडवीत सावलीला. वरून मच्छरदाणी, कारण डोक्यावर तुरा असलेले लावे येतात, आई-बाप पुढे आणि मागे दहा-बारा पिल्लांची रांग. सांडगे त्यांना विशेष प्रिय. पापडांवर पहिला अर्धा तास किंचित ओलं फडकं तरंगतं ठेवायचं म्हणजे वाट्या होत नाहीत. सात वाजता उलटायचे, नऊला डब्यात. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सगळं एका सकाळीत. आमच्या आईला चार दिवस राखण बसवावी लागायची.

आणि हलवा! संक्रांतीला हलव्याला काटे यावेत म्हणून पुण्यात पहाटे थंडीत बसायचो. तिथल्या कोरड्या हवेत काटा असा येतो की पाहत राहावं. हे म्हणाले, निवडुंगाच्या गावात काटा नाही येणार तर काय.

---

शेंगदाण्याचं_कूट | १२ जुलै, दुपारी ३.४१

ओलं फडकं! हे नागपूरच्या उन्हातही चालेल, नणंदेला कळवते. धन्यवाद.

---

रेतीतला_उंट | १२ जुलै, संध्याकाळी ६.१०

आम्ही वीसेक वर्षं आखातात होतो, शारजाला. निवृत्त होऊन आता बाणेरला. तुमचं कोरडं वाळवंट ऐकून हेवा वाटला. आमचं समुद्रकाठचं वाळवंट, उन्हाळ्यात घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. पापड घातले असते तर पापडांनाच घाम फुटला असता. पाऊस जो काही चार-दोन दिवस तो हिवाळ्यात, त्यामुळे श्रावण म्हणजे नुसता वातानुकूलित. आमची दिवाळी म्हणजे बर दुबईतल्या जुन्या देवळाच्या गल्लीत झेंडूची माळ विकत घ्यायची आणि सात मजले वर बाल्कनीत आकाशकंदील.

आमचा एकमेव पाऊस सांगतो. १६ एप्रिल २०२४. परत यायची तयारी, खोकी बांधलेली, अर्धी तळघरातल्या पार्किंगमध्ये. त्या दिवशी अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला, अल ऐनच्या बाजूला एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. आदल्याच आठवड्यात पाडवा झालेला. रात्री पार्किंगच्या जिन्यात उभा राहून बघतो तर गाड्यांच्या टपांमधून आमची गुढीची काठी तरंगत चाललेली. ती तेवढी वाचली. इथे बाणेरलाही तीच उभारतो.

---

आर्द्रा | १२ जुलै, संध्याकाळी ६.४५

बाई गं. काठी वाचली यातच सगळं आलं.

पुरावरून आठवलं, आज १२ जुलै. पानशेत फुटलं तेव्हा मी पाच वर्षांची होते, शनिवारात राहायचो. वडिलांनी खांद्यावर घेतलेलं, आणि त्यांच्या टोपीचा कापूर-घामाचा वास, एवढंच आठवतं. त्या भीतीमुळे की काय, टूसॉनला पहिल्या पावसाळ्यात मी हसण्यावारी नेलं नाही. तिथे कोरडे ओढे असतात, वर्षभर त्यात वाळू आणि सशांचे माग. डोंगरात पाऊस पडला की आपल्या डोक्यावर ऊन असताना त्या ओढ्यातून छातीएवढं पाणी धडधडत येतं. रस्ते ओढ्यातूनच जातात, पूल नाहीत. अडथळे लावलेले असताना गाडी पाण्यात घातली आणि अडकलात, तर बाहेर काढायचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा असा तिथे कायदा आहे, १९९५ पासून. लोक त्याला सरळ "मूर्ख वाहनचालक कायदा" म्हणतात.

---

पेठी_खवचट | १२ जुलै, संध्याकाळी ६.५२

हा कायदा पुणेकराने लिहिलेला असणार. पाटी कुठे मिळेल?

---

फौजी_पेन्शनर | १२ जुलै, रात्री ९.३०

ताईसाहेब, धागा आवडला. एक दुरुस्ती नोंदवतो. श्रावणात पावसाचं वाळवंट आपल्या देशातही आहे. मी बाडमेर-जैसलमेर भागात दोनदा होतो. तिथेही जो काही पाऊस तो याच दिवसांत, आणि म्हणूनच तिथल्या बायका श्रावणातली तीज झोके बांधून करतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. आमच्या मेसमध्ये मराठी आणि राजस्थानी जवानांचा यावर दरवर्षी वाद. मराठी पोरं म्हणायची अजून आषाढ आहे, सामिष चालेल. राजस्थानी म्हणायचे श्रावण लागला. स्वयंपाकी दोन्ही बाजूंना डाळ वाढायचा.

दसरा तर तिथेच करावा. आपण इथे शमीची फांदी मंडईतून आणतो. तिथे शमी म्हणजे खेजडी, राजस्थानचा राज्यवृक्ष, चहूकडे. पांडवांनी शस्त्रं शमीवर लपवली हे लहानपणापासून ऐकलेलं, पण वाळवंटात मैलभर दुसरं झाडच नसताना ते पटलं. लपवायला दुसरं होतंच काय! हिच्याच शेंगा सांगरी, वाळवून वर्षभर भाजी. हिच्यासाठीच १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई मारले गेले. शस्त्रपूजन झालं की आमचे सुभेदारसाहेब पहिला नमस्कार झाडाला करत, मग बंदुकांना.

सौ. चार महिने सोबत होती तेव्हा दिवाळीची रांगोळी काढायची. सकाळी वारा यायचा, रांगोळी पुढच्या क्वार्टरला. शेवटी शेजारीण म्हणाली, भाभी, तुमची रांगोळी रोज आमच्याकडेच येते, मी वेगळी काढतच नाही.

---

झाडपाला | १२ जुलै, रात्री १०.०५

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे राहवत नाही. आर्द्राताई, तुमच्याकडे मेस्कीट असणार. शमीची ती चुलत बहीण. परवापरवापर्यंत दोघी प्रोसोपिस या एकाच प्रजातीत होत्या, २०२२ मध्ये वाटणी झाली आणि अमेरिकेतल्या बहुतेकींना नेल्टुमा हे नाव मिळालं. शमी प्रोसोपिसच राहिली. आपल्या माळरानावर माजलेली वेडी बाभूळ ही पण त्या अमेरिकन घराण्यातलीच. म्हणजे एक बहीण आपल्याकडे पूजेला, दुसरीला आपण शिव्या देतो.

---

आर्द्रा | १३ जुलै, सकाळी ८.३०

फौजीसाहेब, दुरुस्ती मान्य. "अमेरिकेत" असं मी लिहिलंय म्हणून थोडक्यात वाचले.

झाडपालासर, आहे ना मेस्कीट! मागच्या अंगणात जुनी, वाकडी. ही माहिती वाटणीसकट पहिल्यांदा कळली, पण नात्याचं मला आधीच कुणी सांगितलं होतं आणि तेव्हापासून दसऱ्याला मी तिचीच पूजा करते. सोनं म्हणून द्यायला आपट्याची पानं नाहीत, तर तिचीच बारीक पानं. वटपौर्णिमेलाही सूत तिलाच. वड तिथल्या थंडीत टिकत नाही, एकेका रात्री गोठतं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की सग्वारोला सूत गुंडाळावं, दीडशे-दोनशे वर्षं जगतो, वडाच्या तोडीचा. हे म्हणाले, "सात जन्म ठीक आहे, पण काटे काढायला मी बसणार नाही."

आणि त्या झाडाचं अजून एक. जूनमध्ये शेंगा पिकून पडतात, चावल्या तर गोड, गूळ आणि खारीक एकत्र केल्यासारख्या. त्या पाऊस पडायच्या आत गोळा करायच्या, नाहीतर बुरशी धरते. शेंगा दळणारी गिरणी गावात ठरावीक दिवशी येते, लोक पिंपं घेऊन रांगेत. माझं माहेर मूळचं रायगडचं, आजी पावसाआधी आगोट भरायची: सुकी मासळी, मीठ, लाकडं, मिरच्या. मेस्कीटच्या रांगेत उभी राहिले की वाटतं आगोटच भरतेय. त्या पिठात निम्मी कणीक आणि तूप घालून लाडू होतात, गूळ घालावाच लागत नाही.

आमच्या पश्चिमेला तोहोनो ओओदम लोकांची भूमी आहे, तिथले मूळ रहिवासी. त्यांचं नवं वर्ष याच दिवसांत, सग्वारोची फळं पिकली की. सग्वारोच्याच वाळलेल्या बरगड्यांची लांब आकडी करतात आणि वरची फळं पाडतात. पाडलेल्या फळाची साल लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात, पाऊस यावा म्हणून. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धोंडी धोंडी पाणी दे आठवलं. आमच्या झाडाची फळं मात्र पांढऱ्या पंखांचे होले आधी फस्त करतात. वर्षाला दोन-तीन आमच्या वाटणीला. आत गर्द लाल गर, खसखशीसारखं काळं बी. देवापुढे ठेवते आणि अर्धं-अर्धं खातो.

---

कुंदा_वानवडी | १३ जुलै, सकाळी ९.१५

माझी मुलगी तुमच्याच अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला आहे. ती म्हणते आई, इथे काहीच नाही, भट्टी आहे. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस ४३ च्या वर होतं तेव्हा मी तिथेच होते. दाराच्या कडीला हात लागला तर चटका. तुळस जळाली. सणाचं नाव काढलं नाही कुणी. तुम्ही फार गोड चित्र काढताय असं वाटलं, राग नसावा.

---

आर्द्रा | १३ जुलै, सकाळी १०.००

राग कसला, कुंदाताई. खरं आहे ते. फिनिक्स उंचीने आमच्यापेक्षा बरंच खाली, तिथे सिमेंट रात्रभर तापलेलं. आमच्याकडे तेवढं नाही, तरी जून म्हणजे कोंडून घेणंच. सहा वाजता पडदे ओढायचे, दिवसभर अंधारात. वटपौर्णिमा आम्ही पहाटे पाचला उरकतो. तुळस माझ्याही तीन गेल्या, आता कुंडी धुण्याच्या मशीनच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीत. एका वर्षी पाऊसच आला नाही. रोज चारला डोंगरावर ढग, रोज सहाला गायब. हे ओट्याशी उभे राहून म्हणाले, "पुण्याला जाऊ या कायमचं." तिकिटंही बघितली होती. ते वर्ष मला कुठल्या सणासकट आठवतच नाही.

पण म्हणूनच पहिला पाऊस काय असतो ते कळतं. जूनच्या २४ ला तिथे सान हुआनचा दिवस करतात, जुन्या समजुतीने पावसाचा मुहूर्त. आपलं मृग म्हणा. हवामान खातंही पूर्वी सलग तीन दिवस दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचा आकडा) ५४ फॅरनहाइटच्या वर राहिला की मान्सून आला म्हणायचं. आता सरसकट १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात. मला जुनंच आवडायचं. हे भिंतीवर खडूने रोज आकडा लिहायचे आणि मी पुरणाची डाळ भिजत घालायची का ते ठरवायची.

मृद्गंध वेगळा. तिथे क्रिओसोट नावाचं झुडूप आहे, चिकट बारीक पानांचं. पाऊस यायच्या आधी वाऱ्यावर त्याचा वास येतो, थोडा डांबराचा, थोडा औषधी. पहिल्यांदा मला वाटलं रस्ता करताहेत. आता तो आला की डोळ्यांत पाणी येतं. आणि रात्री बेडूक! वर्षातले आठ-दहा महिने जमिनीखाली झोपलेले असतात, गडगडाटाने जमीन हादरली की वर येतात. डराव डराव नाही करत, मेंढीसारखे बें करतात. अख्खा कळप अंगणात शिरल्यासारखा.

---

रेतीतला_उंट | १३ जुलै, सकाळी १०.२०

मेंढीसारखे बेडूक. विश्वास ठेवतो, कारण माझीही काठी तरंगली होती.

---

ओवी_की_ओवा | १३ जुलै, सकाळी ११.४५

मी तिशीतली, नवीन. नागपंचमीचं सांगा ना. साप असतात का खरंच?

---

आर्द्रा | १३ जुलै, दुपारी १२.३०

असतात का! ओवी, हे सांगायचंच होतं.

आमच्याकडे नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाचे दिंड, वाफवलेले. चार वर्षांपूर्वी मी पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं, दिंड उकडायला लावले. तर मागच्या दाराकडून तडतड ऐकू आली. मोहरी तडतडते तशी. मी मनात म्हटलं, आज तर फोडणी घातलीच नाही, मग तडतडतंय काय? जाऊन बघते तर पायपुसण्याशेजारी वेटोळं, शेपटी उभी. खुळखुळ्या साप, चांगला हातभर जाड... नाही हो, मनगटाएवढा. घाबरल्यावर मोजमाप वाढतं. पावसाळ्यात रात्री-संध्याकाळी ते बाहेर पडतातच, पण तिथीला धरून यावं?

दार लावलं, साप पकडणाऱ्याला फोन केला. तो लांब चिमटा आणि झाकणाची बादली घेऊन आला आणि जवळच्याच ओढ्याकाठी सोडून आला. फार लांब सोडला तर तो जगत नाही म्हणाला. तोवर हे पाटावरच्या नागाला हळद-कुंकू वाहत होते, एकटेच. मला म्हणाले, "प्रत्यक्ष दर्शन झालं, आता तरी बसशील का आरतीला?"

दिंड शेजारच्या आजींना दिले. त्या मेक्सिकन वंशाच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी उलगडून बघितलं आणि म्हणाल्या, हे तर तमाले! नाताळात त्या मक्याच्या पानात सारण घालून वाफवतात, डझनांनी. तेव्हापासून श्रावणात दिंड तिकडे, डिसेंबरात तमाले इकडे, माझ्यासाठी बिनमांसाचे, हिरव्या मिरचीचे. झेंडू आमचा सामाईक. मी दसऱ्याला तोडते आणि निम्मी झाडं ठेवते, त्या २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवसाला तोडतात. नवऱ्याच्या फोटोपुढे फुलं, पाव, त्याची आवडती कॉफी. आपल्या पितरांचं पानच. झेंडू मूळचा त्यांच्याच देशातला, हे त्यांनी मला ऐकवलं आणि मी म्हटलं, पण तोरण आम्ही शोधलं.

---

झाडपाला | १३ जुलै, दुपारी १.१०

बरोबर आहे, झेंडू मेक्सिकोचाच. दूर्वा कुठून आणता?

---

आर्द्रा | १३ जुलै, दुपारी १.२५

सर, तुम्हाला उत्तर माहीत आहे आणि मुद्दाम विचारताय. तिकडचं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच! लोक त्याला वैतागलेले, औषध मारतात. गणपतीच्या आदल्या दिवशी मी वाटी घेऊन समोरच्यांच्या फुटपाथपाशी बसते, तीन पात्यांच्या जुड्या करत. त्यांना वाटतं मी त्यांचं तण काढून देतेय. त्यांनी एकदा लिंबूपाणी आणून दिलं.

---

चिंचवडचे_काका | १३ जुलै, दुपारी ४.००

आणि दिवाळी?

---

आर्द्रा | १३ जुलै, संध्याकाळी ५.१५

दिवाळीआधी कोजागिरी सांगते, कारण ती तिथली सर्वांत देखणी. गावाजवळ किट पीक नावाची मोठी वेधशाळा आहे, म्हणून १९७२ पासून टूसॉनमध्ये बाहेरच्या दिव्यांवर नियम आहेत. दिवा झाकलेला, प्रकाश खाली. त्यामुळे आभाळ काळंभोर आणि चंद्र वर आला की निवडुंगांच्या सावल्या अंगणभर. दूध आटवायला शेगडी बाहेरच ठेवतो.

आता दिवाळी. वरच्या नियमापायी आमच्या वसाहतीच्या समितीने आकाशकंदिलावर पत्र पाठवलं: उघडा दिवा, उतरवा. मी भडकले. यांनी वाद घातला नाही, दोन दिवस कात्री-पुठ्ठा घेऊन बसले आणि वर टोपी असलेला कंदील केला, उजेड फक्त खाली. पायरीवरची रांगोळीच उजळते. समितीतले एक गृहस्थ बघायला आले आणि चकली खाऊन गेले. पत्र मात्र मागे घेतलं नाही.

नरक चतुर्दशीला कारेटं हवं. ते कुठलं मिळायला! पण ओढ्याच्या कडेला एक रानटी वेल असतो, त्याला टेनिसच्या चेंडूएवढी गोल, पट्ट्यापट्ट्यांची फळं, कडूजहर. लोक त्याला कोल्ह्याचं कलिंगड म्हणतात. हे खूश, कारेट्याचा थोरला भाऊ मिळाला म्हणून. पहाटे उटणं लावून, पंचा नेसून, दारात डाव्या पायाच्या अंगठ्याने "गोविंदा" म्हणत जोरात... ते फळ वाळलं की त्याची साल लाकडासारखी होते हे कुणाला माहीत? फळ घरंगळत ओढ्यापर्यंत गेलं. नरकासुर सुटला. यांचा अंगठा सुजला, फराळ सोफ्यावर पाय वर घेऊन.

---

शेंगदाण्याचं_कूट | १३ जुलै, संध्याकाळी ५.२२

हसून हसून पोट दुखलं. यंदा हिरवं असतानाच तोडा.

---

फौजी_पेन्शनर | १३ जुलै, संध्याकाळी ५.४०

काकांनी बूट घालायला हवे होते. शास्त्रात मनाई नाही.

---

कुंदा_वानवडी | १३ जुलै, रात्री ८.१०

मुलीला धाग्याचा दुवा पाठवला. तिचा उलट निरोप: "आई, पुढच्या वेळी पापडखार आण." तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. किती लागतो हो पावशेर डाळीला?

---

आर्द्रा | १३ जुलै, रात्री ८.२५

कुंदाताई, प्रमाण खरडवहीत लिहून पाठवते, माझं आईच्या वहीतलं आहे आणि चमचे जुने. तिला सांगा फिनिक्सला मेमध्ये नको, मार्चमध्येच घाल. आम्ही गणपतीआधी परत जातोय, पापड बिघडले तर मला फोन करू दे. वाट्या झाल्या तर फेकू नको म्हणावं, त्यात चिवडा भरून खाता येतो.

---

पेठी_खवचट | १३ जुलै, रात्री ९.००

सगळं वाचलं. अंगठ्याचं पुढे काय झालं ते कुणी विचारलंच नाही. पुणेकरांना माणुसकी राहिली नाही.

---

आर्द्रा | १३ जुलै, रात्री ९.१२

(हे लिहीत नाहीत, सांगताहेत आणि मी टाइप करतेय.)

अंगठा बरा आहे. नख एक वर्ष काळं होतं. समोर पाऊस पडतोय, भजी तळली जाताहेत, त्यामुळे उत्तर लांबवत नाही. सदाशिव पेठेत कारेटी कुठे मिळतात ते कळवावे. चार सुकवून नेईन म्हणतो, तिकडे तासाभरात वाळतात.